जिजाबाईंचें माहेर

आपल्या इतिहासलेखकांना एक जुनी खोड आहे. थोर स्त्रीचें सासर ते तपशीलवार लिहितात. माहेर मात्र एका वाक्यांत उरकतात. जिजाबाईंचेंच उदाहरण घ्या. शिवनेरी, पुणें, राजगड, रायगड आणि पाचाड या ठिकाणांवरून त्यांच्या आयुष्याचा माग आपण पावलागणिक काढीत जातों. ज्या गांवीं त्या जन्मल्या आणि ज्या घरांत त्यांनीं राजकारणाचीं पहिलीं बोलणीं ऐकलीं, त्या सिंदखेडाविषयीं मात्र 'लखुजी जाधवरावांची कन्या' एवढ्या शब्दांपलीकडे बहुधा कांहीं आढळत नाहीं. दरवर्षीं १२ जानेवारीस येथें अपार समुदाय लोटतो. लोक जन्मस्थानापुढें मस्तक नमवितात आणि रेटारेटींतून वाट काढीत परत जातात. त्यांच्या भक्तीविषयीं आम्हांस आदरच आहे. परंतु भक्तीला एक दालन पुरतें. इतिहासाला सबंध गांव पाहावें लागतें.

यंदाच्या पौषांत, उत्सवाची गर्दी ओसरल्यावर, आम्ही उभयतांनीं सकाळपासून दिवेलागणीपर्यंतचा एक दिवस या गांवाला देण्याचें ठरविलें. बुलढाण्याहून पहाटेच्या एसटीनें चिखली व देऊळगांव राजा या मार्गानें निघालों तों उन्हें कोंवळीं असतांनाच सिंदखेडास उतरलों. एका दिवसांत काय पाहून होणार, असें निघतांना वाटत होतें. पायांखालून गांव गेल्यावर कळलें कीं, दिवस पुरला नाहीं तो गांव मोठें म्हणून नव्हे, तर येथें जुन्या वस्तु अगदीं जवळजवळ आहेत म्हणून. एका वास्तूचा काळ मनांत बसतो न बसतो तोंच दुसऱ्या शतकांतली दुसरी वास्तु पुढें उभी राहते. त्या दिवसाचा वृत्तांत व त्यावरून सुचलेले विचार वाचकांस सादर करीत आहों.

प्रथम गांवाची जागा ध्यानांत घेतली पाहिजे. जालन्याच्या पूर्वेस सुमारें दहा कोसांवर, जेथें मराठवाड्याची सपाटी संपून वऱ्हाडचा डोंगराळ भाग सुरू होतो, तेथें सिंदखेड वसलें आहे. मुंबईहून नागपुरास जाणारा जुना रस्ता गांवांतूनच जातो. दौलताबादेहून वऱ्हाडांत उतरूं पाहणाऱ्या फौजेला किंवा वऱ्हाडांतून दौलताबादेवर चालून जाणाऱ्या सैन्याला हें गांव टाळून जाणें सोयीचें नव्हतें. अशा ठिकाणचा देशमुख नुसता वतनदार राहूं शकत नाहीं. त्याला कोणत्या तरी दरबाराचा व्हावें लागतें, आणि दरबार बदलले कीं त्यालाही बदलावें लागतें. जाधवांच्या पुढील सर्व इतिहासाचें मूळ बरेंचसें या भूगोलांतच आहे.

हें घराणें आपला वंश देवगिरीच्या यादवांशीं जोडतें. अल्लाउद्दीनाची स्वारी १२९६ सालची; शेवटचा यादव हरपाळदेव मारला गेला तो १३१८ सालीं. तेथून लखुजींपर्यंत सुमारें अडीचशें वर्षांचें अंतर पडतें. तें अंतर वंशावळींनीं भरून काढलें म्हणजे इतिहासानें भरलें असें होत नाहीं. तथापि यादवकाळाचा वारसा या गांवाला होता, याविषयीं मात्र शंका घेण्याचें कारण नाहीं. नीलकंठेश्वराचें हेमाडपंती देऊळ व त्यापुढील बारव हीं त्याची साक्ष देतात. रामेश्वराचें देऊळ तर त्याहूनही जुनें मानतात. नीलकंठेश्वराच्या अंगणांत आम्ही पोहोंचलों तेव्हां एक वृद्ध गृहस्थ प्रदक्षिणा घालीत होते, आणि बारवेच्या पायऱ्यांवर सकाळचें ऊन तिरपें पडलें होतें. चुन्याशिवाय एकावर एक बसविलेले ते दगड पाहतांना असें वाटलें कीं, लखुजींनीं यादवांचें रक्त घेतलें असो वा नसो, त्यांची बांधणीची आवड तरी या जमिनींतून खास घेतली.

या वारशाचा एक नवा पुरावा १२०० नव्हे तर २०२४ सालच्या जून महिन्यांत हातीं आला. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडून लखुजींच्या समाधीच्या डागडुजीचें काम चाललें असतांना जवळच एका गाडल्या गेलेल्या देवळाचे अवशेष लागले. पुढें खोदतां खोदतां सव्वादोन मीटर खोलीवर शेषशायी विष्णूची एक भव्य मूर्ति प्रकट झाली. ती सुमारें १.७० मीटर लांब व एक मीटर उंच आहे. शेषावर पहुडलेला विष्णु, त्याचे पाय चुरणारी लक्ष्मी आणि खालीं समुद्रमंथनाचा देखावा असें तिचें शिल्प आहे. तिचा दगड क्लोराईट शिस्ट या जातीचा आहे. वऱ्हाड व मराठवाडा हा सगळा काळ्या बेसाल्टाचा प्रदेश. तेव्हां हा मऊ दगड, किंवा त्यांत घडविलेली मूर्ति, दूरवरून आणविली असली पाहिजे. दूरचा दगड आणविणारें गांव खेडवळ असूं शकत नाहीं. लखुजींनीं ओसाड माळावर राजधानी वसविली नाहीं, तर जुन्या समृद्ध वस्तीच्या थरावर आपला थर चढविला, हें या शोधावरून स्पष्ट होतें.

नीलकंठेश्वराहून आम्ही राजवाड्याकडे वळलों. त्याचें दगडी प्रवेशद्वार हमरस्त्याकडे तोंड करून उभें आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला तें दिसलेंच पाहिजे, असा बांधणाराचा हेतु उघड दिसतो. द्वाराच्या मानानें आंतील भाग फार पडला आहे. ज्या दालनांत जिजाबाईंचा जन्म झाला असें सांगतात, त्याला म्हाळसा महाल म्हणतात. परंपरेनें ही तिथि शके १५१९ची पौष शुद्ध पौर्णिमा, म्हणजे १२ जानेवारी १५९८, अशी मानली आहे. सौ. तेथें बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "अहो, इथें सगळे लेकीला नमस्कार करायला येतात, पण महालाला नांव आहे तें आईचें. ही म्हाळसाबाई कोण, कशी, हें कुणी सांगेल का?" प्रश्न साधा होता, पण त्यानें आमच्या त्या दिवसाची दिशा बदलली. पुढें जें जें पाहिलें, तें तें या प्रश्नाच्या अनुरोधानें पाहिलें.

म्हाळसाबाईंची आपल्या वाङ्मयांतली प्रसिद्ध भेट होते ती रंगमहालाच्या गोष्टींत. ती वास्तुही या गांवांत दाखवितात. गोष्ट सर्वांच्या परिचयाची आहे. रंगपंचमीचा दिवस, वेरुळचे मालोजी भोसले आपल्या लहानग्या शहाजीसह आले आहेत, मुलें एकमेकांवर रंग उडवितात, लखुजी कौतुकानें म्हणतात कीं जोडा छान शोभतो, मालोजी तत्काळ उठून सोयरीक झाल्याचें जाहीर करतात. मग अंतःपुरांतून म्हाळसाबाईंचा निषेध येतो: आमच्या चाकरीतल्या शिलेदाराच्या घरीं आम्ही मुलगी देणार नाहीं. पुढें मालोजींचा अपमान, त्यांचें देवीच्या कृपेनें वैभवास चढणें आणि अखेर निजामशाहाच्या मध्यस्थीनें विवाह, अशी ती कथा संपते.

ही कथा उत्तरकालीन बखरींची आहे, आणि तिची घडणच सांगते कीं ती भोसल्यांच्या बाजूनें रचली गेली. गरीब पण तेजस्वी वरपक्ष, गर्विष्ठ वधूपक्ष आणि देवाचा कौल, हा कथेचा सांचा आपल्याकडे नवा नाहीं. तींत म्हाळसाबाईंच्या वाट्याला आला तो केवळ अहंकार. वास्तविक मालोजी हे निजामशाहींतील मानाचे सरदार होते, आणि १६०५ च्या सुमारास झालेला हा विवाह दोन तोलाच्या घराण्यांचा विवाह होता. तेव्हां ज्या तिरस्काराच्या पायावर ही गोष्ट उभी आहे तो पायाच डळमळीत ठरतो. लग्नकार्यांत कांहीं बिनसलें कीं त्याचा दोष एखाद्या विहिणीच्या माथीं मारायचा, ही चाल बखरकारांच्या आधींपासूनची असावी, असें सौ. म्हणाल्या. यावर आम्हांस कांहीं उत्तर सुचलें नाहीं.

एव्हांना दुपार झाली होती. सकाळीं एसटीच्या थांब्यावर पोहे व चहा झाला होता, तो केव्हांच जिरला होता. बाजाराच्या कडेला एका लहानशा खानावळींत आम्ही बसलों. ज्वारीची गरम भाकरी, पाटवडीचा झणझणीत रस्सा, वांग्याचें भरीत, कांदा आणि हिरव्या मिरचीचा ठेचा असें ताट पुढें आलें. भरितावर कच्चें तेल आणि वर शेंगदाण्यांची चटणी. अशा जेवणाविषयीं इतिहासाच्या निबंधांत लिहिणें कित्येकांस अप्रशस्त वाटेल. परंतु ताट हाही एक दस्तऐवजच आहे. मिरची ही मूळची अमेरिकेची. स्पेनच्या गलबतांनीं अमेरिकेची वाट उघडल्यावर ती जुन्या जगांत शिरली, आणि पोर्तुगीजांच्या हातून सोळाव्या शतकांत गोव्याच्या किनाऱ्यावर उतरली. तिचें मराठी नांवसुद्धां मिऱ्यावरून पडलें आहे. शेंगदाणाही तिकडचाच. म्हणजे १५९८ सालच्या सिंदखेडांत ज्वारी, हरभरा, वांगें, कांदा, आलें व मिरें हीं होतीं. पण आज ज्याला आपण वऱ्हाडी जेवण म्हणतों त्याचा जीव जो ठेचा, तो जाधवांच्या पंगतींत बहुधा नव्हता. "म्हणजे जिजाऊ मिऱ्याच्या तिखटावर वाढल्या म्हणायच्या," असें म्हणून सौ. नीं ठेचा आणखी थोडा वाढून घेतला. चारशें वर्षांत आपण राज्यें, भाषेंतले शब्द आणि तिखट, तिन्ही बदललीं. भाकरी तेवढी तीच राहिली.

दुपारीं आम्ही लखुजींच्या समाधीपाशीं गेलों. खालीं भक्कम दगडी जोतें, वर विटांचें प्रचंड चौरस बांधकाम, कमानी आणि घुमट. हिंदु राजपुरुषाच्या समाध्यांत एवढी विशाल समाधि क्वचितच पाहावयास मिळते. कमानींची धाटणी दक्षिणेंतील मुसलमानी इमारतींची, आणि आंत पूजाअर्चा हिंदूंची. लखुजींचें आयुष्यही अशाच दोन घडणींचें होतें. ही इमारत पाहून मनाला जो भार होतो, तो तिच्या आकाराचा नव्हे. जिच्यामुळें ती उभी राहिली त्या घटनेचा.

ती घटना थोडक्यांत सांगतों. निजामशाहीच्या शेवटच्या तीस वर्षांत मलिक अंबर हा कर्ता पुरुष होता. लखुजी त्याच्याशीं कधीं जुळवून घेत, कधीं मोगलांकडे जात. १६२४ सालीं भातवडीच्या लढाईंत शहाजी मलिक अंबराच्या बाजूनें लढला, तर लखुजी मोगलांच्या बाजूनें उभे होते. सासरा एका सैन्यांत आणि जांवई दुसऱ्या सैन्यांत! त्याआधींच या दोन घराण्यांत रक्त सांडलें होतें. परमानंदाच्या 'शिवभारता'त ती कथा आहे. खंडागळे सरदाराचा हत्ती दरबारांतून परततांना बेफाम झाला; त्याला आवरण्यावरून तंटा पेटला; त्यांत लखुजींचा मुलगा दत्ताजी शहाजीचा चुलतभाऊ संभाजी याच्या हातून मारला गेला, आणि लखुजींनीं संभाजीला मारून सूड उगविला. एका बाईचा सख्खा भाऊ आणि तिचा चुलतदीर एकाच संध्याकाळीं एकाच भांडणांत पडले. ती बाई जिजाबाई. या प्रसंगीं तिनें काय म्हटलें, हें कोणी लिहून ठेवलें नाहीं.

मलिक अंबर १६२६ सालीं वारला. पुढें तीन वर्षांत निजामशाही दरबार संशयानें पोखरला. लखुजी मोगलांकडून पुन्हा निजामशाहीकडे परतले होते. मोगलांकडे असतांना त्यांची, त्यांच्या मुलांची व नातवांची मिळून मनसब २४,००० जात व १५,००० स्वारांची होती, अशी 'बादशाहनाम्या'ची नोंद आहे. एवढें बळ ज्याच्या पाठीशीं आहे तो माणूस दुबळ्या सुलतानाला कधींच विश्वासू वाटत नाहीं. २५ जुलै १६२९ रोजीं दौलताबादच्या किल्ल्यांत निजामशाहानें त्यांना मुजऱ्यास बोलावलें. लखुजी आपल्या मुलांनातवांसह आंत गेले. दबा धरून बसलेल्या मारेकऱ्यांनीं त्यांच्यावर हल्ला केला. लखुजी, त्यांचे पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव असे चौघे एकाच दिवशीं पडले.

आतां सौ.च्या सकाळच्या प्रश्नाकडे येऊं. त्या दिवशीं किल्ल्याखालीं जाधवांची छावणी पडली होती. धनी गेला, दोन कर्ते मुलगे गेले, नातू गेला. अशा वेळीं फौज पांगते, घर लुटलें जातें, हीच त्या काळची रीत. येथें तसें झालें नाहीं. 'बादशाहनामा' म्हणतो कीं, लखुजींचा कारभार पाहणारी त्यांची पत्नी गिरिजाई हिनें ही वार्ता कानीं पडतांच सैन्य व कुटुंब घेऊन दौलताबाद सोडली आणि जालन्याजवळचें आपलें मूळ ठिकाण सिंदखेड गांठलें. लखुजींचे बंधु जगदेवराव व पुत्र बहादुरजी हे तिच्या सोबत होते. पुढें या घराण्यानें निजामशाहाकडे पाठ फिरवून मोगलांकडे आश्रय घेतला. म्हाळसाबाई आणि गिरिजाबाई हीं एकाच स्त्रीचीं दोन नांवें, असें घराण्याच्या इतिहासकारांत बहुधा मानतात. म्हणजे जिला बखरकारानें रंगमहालांत मानभंग करणारी विहीण म्हणून ठेवलें, तीच शत्रुपक्षाच्या एका फारसी इतिहासकाराच्या लेखणींत पडत्या काळीं घर सांवरणारी कारभारीण म्हणून उभी आहे. शत्रूचा लेखक कधीं कधीं आप्तांहून न्यायी निघतो, तो असा.

आणि आतां तिच्या कन्येकडे पाहा. जेधे शकावली शिवजन्माची तिथि शके १५५१ची फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, अशी देते. हिशोब केला तर दौलताबादेस जेव्हां पिता, दोन भाऊ व भाचा कापले गेले, तेव्हां जिजाबाई दोन महिन्यांच्या गरोदर होत्या. नऊ महिन्यांपैकीं सात महिने त्यांनीं हें दुःख बाळगून काढले. शिवाय ज्या दरबारानें हें कृत्य केलें, त्या दरबारांत त्यांचे पति मोठ्या मानाचे सरदार होते. शहाजीनेंही पुढें निजामशाही सोडली व १६३० सालीं मोगलांची वाट धरली. पण तोंवर माहेरचें घर फुटलें होतें. परक्या राज्यांत कितीही मोठी मनसब मिळाली तरी ती एका इशाऱ्यानें रक्तांत बुडूं शकते, हा धडा जिजाबाईंना पुस्तकांतून घ्यावा लागला नाहीं. स्वराज्याच्या कल्पनेचा उगम शोधतांना आपण संतांच्या वाणीपर्यंत जातों, तें योग्यच आहे. परंतु सिंदखेडच्या या समाधीपाशीं थांबल्याशिवाय तो शोध पुरा होत नाहीं, असें आमचें मत आहे.

समाधीहून निघून आम्ही गांवचें पाणी पाहण्यास गेलों. जाधवांचा खरा मोठेपणा तेथें दिसतो. मोती तलाव हा बांध घालून केलेला जलाशय. त्याच्या पुढल्या अंगास बसून पाण्याचा देखावा पाहण्यासाठीं सज्जे काढले आहेत. चांदणी तलावाच्या मध्यभागीं तीन मजली इमारत आहे. पुतळा बारवेच्या भिंतींवर शिल्पें कोरलीं आहेत. सजना बारवेचें पाणी राजवाड्यास पुरविलें जाई. ज्या प्रदेशांत चैत्र उजाडला कीं विहिरी तळ गांठतात, तेथें चार पिढ्यांना पुरेल असें पाणी अडविणें ही किल्ला बांधण्याहून मोठी गोष्ट होय. पुढें आदिलशाही फौजेनें उजाड केलेल्या पुण्याच्या जहागिरींत जिजाबाई बाळ शिवाजीला घेऊन राहावयास गेल्या आणि तेथें पुन्हा वस्ती झाली. त्या वस्तीला कोणता नमुना डोळ्यांपुढें होता, याचा विचार करतांना मोती तलावाचा बांध आम्हांस आठवल्याशिवाय राहत नाहीं. हा आमचा तर्क आहे, दाखला नव्हे; पण लहानपणीं पाहिलेलें पाणी माणूस विसरत नाहीं.

तलावालगतच्या एका शेतांत हुरडा चालला होता. शेतकऱ्यानें ओळखपाळख नसतां हांक मारून बसवून घेतलें. आगटींतून काढलेलीं कणसें त्याची म्हातारी आई तळहातांवर चोळून गरम दाणे आमच्यापुढें टाकीत होती. सोबत तीळचटणी व गूळ. "बाई, पोटभर खा, हा दिवस वरसांत एकदां येतो," असें ती सौ.ला म्हणाली. जाधवांच्या काळींही या मातींत पौषांत हुरडा होत असेल, आणि तो चोळणारे हातही असेच असतील. त्यांचीं नांवें मात्र कोणत्याही समाधीवर नाहींत.

उन्हें उतरतां उतरतां काळा कोट पाहिला. सुमारें वीस फूट रुंदीच्या व तितक्याच उंचीच्या त्या काळ्या भिंतींशेजारीं माणूस मुंगीएवढा वाटतो. या भिंती ज्यासाठीं उभारल्या तो प्रसंग पुढें आला, पण फार विपरीत रीतीनें. डिसेंबर १७५७ मध्यें पेशव्यांच्या फौजेनें सिंदखेडास वेढा दिला. वेढा देणारांत विश्वासराव व दत्ताजी शिंदे होते, आणि आंत कोंडला गेला होता निजामाचा सरदार रामचंद्र जाधव. तो सेनापति धनाजी जाधवांचा नातू. आणि धनाजी म्हणजे दौलताबादेस मारल्या गेलेल्या अचलोजींच्या वंशांतले. निजामअली त्याच्या सुटकेस धांवून आला, लढाई झाली, आणि अखेर निजामाला पंचवीस लाखांचा मुलूख व नळदुर्गाचा किल्ला देऊन तह करावा लागला. मराठ्यांच्या विजयांत या लढाईची गणना होते, आणि ती रास्त आहे. पण जिजाबाईंच्या जन्मगांवावर त्यांच्या नातवंडांच्या राज्याची फौज चालून आली, आणि त्यांच्याच माहेरचा पुरुष निजामासाठीं तें गांव लढवीत होता, हें वाचून मन खिन्न होतें. १६२४ सालीं भातवडीस जें झालें, तेंच एकशेंतेहतीस वर्षांनीं सिंदखेडास पुन्हा झालें.

या तालुक्याला लढाया नव्या नव्हत्या. याच तालुक्यांतील साखरखेर्ड्यास ऑक्टोबर १७२४ मध्यें निजामउल्मुल्कानें मुबारिजखानाला पाडलें आणि दक्षिणेंत आपलें स्वतंत्र राज्य उभें केलें. त्या विजयावरून त्यानें गांवाला फत्तेखेर्डा असें नांव दिलें. हैदराबादच्या राज्याचा पाया असा बुलढाणा जिल्ह्यांत घातला गेला. पुढें इंग्रज-मराठा युद्ध आणि दुष्काळ यांनीं हा मुलूख असा पिळून काढला कीं, १८०४ सालीं येथून गेलेल्या जनरल वेलस्लीनें आपल्या पत्रव्यवहारांत येथील लोकांच्या उपासमारीचें भयानक चित्र काढलें आहे. राहिलें साहिलें वतन १८५१ सालीं गेलें. त्या वर्षीं बाजीराव जाधवांच्या पदरच्या अरबांनीं हैदराबाद कंटिंजंटच्या फौजेशीं लढाई दिली, त्यामुळें वतनें जप्त झालीं. बाजीराव १८५६ सालीं राजबंदी म्हणून वारले. मधल्या काळांत १८५३ सालीं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यांत गेलाच होता. यादव, निजामशाही, मोगल, आसफजाही व इंग्रज या पांच राजवटींशीं एकाच गांवाचा असा संबंध आला, आणि प्रत्येकीनें त्याच्यापासून कांहीं ना कांहीं काढून घेतलें.

परततांना देऊळगांव राजा येथें उतरून जाधवांच्याच आश्रयानें वाढलेल्या श्रीबालाजीचें दर्शन घेतलें. आश्विनांतील यात्रेच्या वेळीं येथें पाय ठेवण्यास जागा नसते. पौषांतल्या संध्याकाळीं देऊळ शांत होतें. बाहेर गरम भजीं व चहा घेतला, आणि शेवटची गाडी पकडली. वतनें गेलीं, कोट ओसाड झाले, फौजा कोठल्या कोठें गेल्या; पण जाधवांनीं अडविलेलें पाणी आणि जाधवांनीं पुजलेला देव हीं दोन्हीं आजही लोकांच्या नित्य उपयोगांत आहेत. राज्यकर्त्यांनीं आपल्यामागें काय ठेवावें, याचा विचार करणारांनीं ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

सिंदखेडाच्या संरक्षणाविषयीं दोन शब्द लिहून हा लेख पुरा करूं. समाधीची डागडुजी होत आहे, जन्मस्थानाची निगा राखली जात आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु बारवा, तलाव, रंगमहाल व काळा कोट यांना मिळून एक गांव होतें, आणि तें गांव एकत्र राखलें तरच त्याचा अर्थ लागतो. जमिनींतून निघालेली शेषशायी मूर्ति शक्य तों याच गांवांत राहावी. ती येथून हलविली तर पाहणाराला एक सुंदर शिल्प दिसेल, पण ती कोणत्या थरांतून निघाली हें दिसणार नाहीं. आणि जन्मस्थानाच्या दारावर जिजाबाईंच्या नांवाबरोबर त्यांच्या मातेचा तो दौलताबादेहून परतीचा प्रवासही चार ओळींत लिहिला जावा. त्या स्त्रीनें पति, दोन पुत्र व नातू गमावल्याच्या दिवशीं फौज फुटूं दिली नाहीं.

जिजाबाई १७ जून १६७४ रोजीं, राज्याभिषेकानंतर अकराव्या दिवशीं, पाचाडास निवर्तल्या. मुलगा सिंहासनावर बसलेला पाहूनच त्यांनीं डोळे मिटले, असें आपण अभिमानानें सांगतों. तें सिंहासन कोणाच्याही मनसबींतून आलेलें नव्हतें, कोणा सुलतानाच्या मर्जीनें टिकणारें नव्हतें, आणि मुजऱ्याला बोलावून त्यावरच्या माणसाचा गळा कापण्याचा अधिकार कोणालाही नव्हता. ही गोष्ट ज्यांना सर्वांत अधिक कळली असेल, त्या सिंदखेडच्या लेक होत्या.